ब्लॅकआऊटचे दिवस

जबलपूरला कांचघर मोहल्ल्यात मी ज्यांच्या घरी पाच वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घरमालकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. त्यांनी मला मोरीतला नळ उघडून बंद करायला लावला. मी केला. ते उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि तोटीकडे टक लावून पाहत राहिले. थेंब पडला नाही. मग गुडघ्यावर हात टेकत उठले आणि म्हणाले, "चलो, पास. सामान केव्हा आणून राहिले?"

आदल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांना त्यांनी याच नळावर नापास केलं होतं. नळ बंद झाला होता, पण प्राध्यापकांनी तो गरजेपेक्षा जोरात पिळला. वायसर खराब करणारा माणूस घरात नको, असं काकांचं म्हणणं. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काकाच म्हणायचो.

काका तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: समोर आलेल्या मालाला पास किंवा रिजेक्ट म्हणणं. तिथं मापाच्या दोन कड्या असतात म्हणे. एकीतून माल गेलाच पाहिजे, दुसरीतून जाता कामा नये. निवृत्त झाले ते काका. कडी काही निवृत्त झाली नाही. सरकारी कडी घरी आणणं म्हणजे गुन्हा, म्हणून त्यांनी पडद्याची एक पितळी कडी खिशात ठेवली होती आणि कांचघरच्या बाजारात ते तिच्यातून लिंबं घालून पाहत. आरपार गेलं ते लिंबू रिजेक्ट. लिंबूवाला एकदा वैतागून म्हणाला, "चाचा, नींबू निचोड़ना है कि तोप में भरना है?" काकांनी शांतपणे पुढचं लिंबू उचललं. दुसऱ्या महिन्यापासून त्यानं "चाचा के रिजेक्ट" अशी वेगळी टोपली मांडली आणि ती स्वस्तात विकू लागला. आम्ही भाडेकरू तिथूनच घेत असू.

माझ्या खोलीच्या दारामागं एकोणीस नियमांचा कागद डकवलेला होता. कपडे आपटू नयेत, पिळावेत. कुकरच्या शिट्ट्या तीन. जिन्यावरून उतरताना चप्पल वाजवू नये. पाहुणे दोन, मुक्काम एक रात्र. प्रत्येक नियमाच्या शेवटी "अपवाद: नाही" असं लिहिलेलं. सगळ्यांत खाली काकांची सही आणि तिच्यासमोर भाडेकरूची. एकदा मी म्हणालो, "काका, तीनच शिट्ट्यांत हरभरा शिजत नाही हो." ते म्हणाले, "मग सही करताना काहून नाही बोलले? पास केलं नं तुम्ही? एकदा पास केल्यावर माल आपला. मागून रडायचं नाही." हे त्यांचं ब्रीद होतं, आणि खरं सांगायचं तर ते दुसऱ्यांपेक्षा स्वतःलाच ते जास्त लावून घेत. कारखान्यात त्यांनी पास केलेल्या मालाचा एक खोका एकदा परत आला, तर त्यांनी चार दिवस दाढी केली नव्हती, असं काकू सांगायच्या.

काकू म्हणजे काकांनी पास केलेली पहिली वस्तू, हेही काकूच सांगायच्या. मूळच्या वर्ध्याकडच्या. बोलणं गोड, पण गुडघे वाईट. घराला एकूण चार खोल्या. त्यांतल्या तीन कायम भाड्यानं दिलेल्या, आणि उरलेली एक खोली नि स्वयंपाकघर यांत हे दोघं. पेन्शन होती, पण काकांना खोली रिकामी दिसली की पोटात दुखायचं. एक भाडेकरू सकाळी गेला तर संध्याकाळी दुसऱ्याचा नळ तपासून झालेला असे.

या सगळ्यात काकूंचं एकच दुखणं होतं. त्यांना तीन धाकट्या बहिणी: एक वर्ध्याला, एक यवतमाळला, एक पुलगावला. "पस्तीस वर्षं झाली," काकू मला एकदा मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "एकही बहीण माझ्याकडे दोन रात्री सलग राहिली नाही, बघा. येतात, नर्मदेत पाय बुडवतात, अन् गाडी पकडतात. राहा म्हणू कशी? झोपवू कुठं, गॅसच्या ओट्यावर? चौघी जणी एका छताखाली आठ दिवस. बाकी मला यांच्याकडून काहीच नको." काका बाजूलाच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, म्हणजे ऐकलं असणार.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या एका हॉटेलातून निवृत्त लोकांसाठी आमंत्रण आलं. चहा-नाश्ता आणि "सुरक्षित भविष्य" यावर व्याख्यान. काका गेले ते भविष्यासाठी नाही, खोव्याच्या जिलेबीसाठी. आमंत्रण सहकुटुंब होतं आणि काकूंचा गुडघा धरला होता, म्हणून कुटुंब म्हणून मला नेलं.

टाय लावलेल्या एका तरुणानं पडद्यावर चित्रं दाखवली. भेडाघाटच्या रस्त्यावर सर्व्हिस्ड हॉलिडे अपार्टमेंट. फ्लॅट तुमचा, चालवणार कंपनी. सोफा, पलंग, चादरी, झाडझूड सगळं कंपनीचं. पाहुणे येतील, कंपनी तुम्हाला दर महिन्याला भाडं पाठवील, आणि वर्षातले पंधरा दिवस तुम्ही स्वतः फुकट राहा. मी विचारलं, "और मेहमान नहीं आए तो?" तो म्हणाला, "सर, आप जलेबी तो ले ही नहीं रहे!" जिलेबी फार चांगली होती, त्यामुळे माझा प्रश्न तिथंच राहिला.

घरी येऊन काकांनी काकूंना सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "सर्व्हिसवाल्यांसाठी आहे म्हणता, तर तुम्हाला कसं देतील? तुम्ही तर रिटायर झाले." काकांनी सर्व्हिसचा दुसरा अर्थ समजावून दिला. काकूंना तो काही फारसा पटला नाही. पण पंधरा दिवस म्हटल्यावर त्यांचा हात कणकेतच थांबला. "पंधरा दिवस? आपले? म्हणजे माझ्या बहिणी आल्या तरी?"

"मालक आहो आपण. कोणाला काहून विचारायचं?" काका म्हणाले.

इथं कोणी समजेल की काका चित्रांना भुलले. अजिबात नाही. चित्रांत त्यांना खिडकीची चौकट तिरकी दिसली होती. काका भुलले ते कराराच्या कागदाला. अठ्ठेचाळीस पानं. प्रत्येक कलमाला क्रमांक, क्रमांकाला उपक्रमांक, उपक्रमांकाला अ, ब, क. जन्मभर एकोणीस नियमांवर समाधान मानलेल्या माणसाच्या हाती अठ्ठेचाळीस पानांचे नियम पडले. त्यांनी ते बाड पहिल्यांदा नुसतंच मांडीवर घेऊन कुरवाळलं.

नऊ दिवस तपासणी चालली. मी ऑफिसातून आलो की इंग्रजी मोठ्यानं वाचायचं आणि काकांनी लाल पेन्सिलनं खुणा करायच्या. बत्तीस दोष निघाले: कुठं स्वल्पविराम नाही, कुठं "फर्निचर"मध्ये एक अक्षर जास्त. कंपनीनं बत्तीसच्या बत्तीस दुरुस्त करून पाठवले. काका गहिवरले. "पाहा," म्हणाले, "दोष दाखवला तर मानून राहिले. अशी पार्टी भेटते कुठं आजकाल?"

सत्ताविसाव्या पानावर लिहिलं होतं की मालकाचे मुक्कामाचे दिवस ब्लॅकआऊटच्या दिवसांना लागू राहणार नाहीत. मी वाचलं. काकांची पेन्सिल थांबली, आणि चेहरा एकदम बारा वर्षांच्या मुलाचा झाला. एकाहत्तरच्या लढाईत ते तेवढेच होते. वडील त्याच कारखान्यात. कारखान्यांचं गाव, बाँब पडला तर आधी इथं पडणार अशी सगळ्यांना खात्री. घरातल्या काचांना खाकी कागद चिकटवायचं काम काकांकडे होतं, आणि कुठल्या फटीतून उजेड जातो ते बाहेर उभं राहून पाहायचं कामही त्यांच्याकडेच. त्यांच्या आयुष्यातली पहिली तपासणी ती.

"हे तर शहाणपणाचं लिहिलं आहे," ते म्हणाले. "लढाई लागली, ब्लॅकआऊट झाला, तर आपण भेडाघाटला हवा खायला जाऊ का? बंदच ठेवलं पाहिजे. ही कंपनी डिफेन्सवाल्यांचा विचार करून राहिली आहे."

मला तरी कुठं काय माहीत होतं! मी आपलं पुढचं कलम वाचायला घेतलं. काकांनी मला थांबवलं, कारण "ब्लॅक" आणि "आऊट" या दोन शब्दांत जागा सुटली होती. त्यांनी लाल कंसानं ते जोडले, समोर "एक शब्द" असं लिहिलं, सही केली, आणि कलमावर हिरव्या पेन्सिलनं बरोबरची खूण केली. निवृत्तीच्या वेळी मिळालेली सगळी रक्कम त्या हिरव्या खुणेमागोमाग गेली.

पहिल्या वर्षी ठरलेलं भाडं येत होतं. काका दर रविवारी स्कूटरवरून भेडाघाटला जाऊन रस्त्याच्या पलीकडून तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीकडे बघत उभे राहायचे आणि घरी येऊन सांगायचे, "आज दोन टॉवेल होते. नवरा-बायको दिसतात. पिळून टाकले होते, चांगली माणसं आहेत." त्यांनी आपला एकोणीस नियमांचा कागद रजिस्टर पोस्टानं कंपनीकडे पाठवला, की आपल्या फ्लॅटच्या, तीनशे चारच्या दारामागं डकवावा. कंपनीनं आभाराचं पत्र पाठवलं, कागद डकवला नाही. पत्रावर "आमचे मौल्यवान मालक" असं छापलेलं होतं. ते पत्र काकांनी लॅमिनेट करून घेतलं.

दुसऱ्या वर्षी भाडं अर्ध्यावर आलं. हंगाम मंदा आहे म्हणाले. तिसऱ्या वर्षी भाड्याऐवजी मागणी आली: सगळे सोफे बदलले आहेत, मालकांनी आपापला वाटा भरावा. काकांनी लिहिलं, मग माझा जुना सोफा मला परत द्या. उत्तर आलं की कुठला सोफा कुणाचा याची नोंद नाही. विकून मोकळं व्हावं म्हटलं तर विक्री कंपनीमार्फतच करायची, आणि कंपनीचे स्वतःचेच कितीतरी फ्लॅट खपायचे राहिलेले. आधी ते, मग काकांचा. काका प्रत्येक वेळी कराराचं पान काढून पाहत आणि मान हलवत. "लिहिलं आहे," म्हणत. त्यांचा राग येई आणि कीवही येई. दुसरा कोणी असता तर कंपनीच्या दारात जाऊन आरडाओरडा तरी केला असता.

काकू मात्र ठाम होत्या. "भाडं गेलं उडत. ते पंधरा दिवस तर आपले आहेत नं?"

"कागदावर आहेत," काका म्हणाले.

"मग मी बोलावते."

कोजागिरीच्या आदल्या दिवशी तिघी बहिणी आल्या. साठीच्या आसपासच्या तीन बाया, हातात पिशव्या, पिशव्यांत सांडगे, लोणची, जातं सोडून सगळं. आठ दिवसांचा बेत. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ऑटो करून आम्ही निघालो. मसाला दुधाचं पातेलं सांभाळायला मी होतो. काका पुढच्या ऑटोत, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर अठ्ठेचाळीस पानं. काकू वाटभर बहिणींना सांगत होत्या, "गॅलरी आहे बरं का. चौघी बसू शकतो." त्यांनी ती गॅलरी कधी पाहिली नव्हती.

आत शिरलो तर डोळे दिपले. भरदुपारी झुंबरं लावलेली. काउंटरवर एक हसतमुख मुलगी. काका म्हणाले, "मैं तीन सौ चार का मालिक हूँ."

"वेलकम सर! लेकिन सर, आज तो ब्लैकआउट है."

काकांनी वर झुंबराकडे पाहिलं. मग बाहेरच्या दिव्यांच्या माळांकडे. मग हलक्या आवाजात, तिची चूक चारचौघांत उघडी पडू नये अशा बेतानं म्हणाले, "बिटिया, लाइट तो है."

"नहीं सर, ओनर्स के लिए ब्लैकआउट है."

पुलगावच्या मावशी माझ्या मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई! फक्त मालकाचीच लाईट गेली का?"

तेवढ्यात मॅनेजर आला. त्यानं फार अदबीनं समजावलं: सण, शनिवार-रविवार, शाळेच्या सुट्ट्या, लग्नसराई, थंडीचे सगळे दिवस, म्हणजे ज्या ज्या दिवशी पाहुणे पैसे मोजून येतात ते सगळे ब्लॅकआऊटचे दिवस. मालकांनी इतर दिवशी यावं. मी विचारलं, इतर दिवस कुठले? त्यानं थोडा विचार करून सांगितलं, "मई में आइए ना सर. सोमवार से गुरुवार." आणि काकांच्याच कागदांतलं सत्ताविसावं पान काढून त्यांच्यापुढं धरलं.

काकांनी ते वाचलं. लाल कंसानं जोडलेला शब्द, समोर "एक शब्द", खाली सही, हिरवी खूण. काउंटरवर कोपर टेकवून ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता भांडतील. मी पातेलं खाली ठेवून तयारच होतो. काका वळले आणि काकूंना म्हणाले, "कलम बरोबर आहे. चूक माझी आहे. मी पास केलं."

चार वर्षांत त्यांच्या तोंडून चूक हा शब्द स्वतःबद्दल मी पहिल्यांदाच ऐकला. काकू सोफ्यावर बसल्या आणि गुडघा चोळू लागल्या. ते मला बघवेना. त्यापेक्षा त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात लिफ्टमधून एक बाई तणतणत आली. तीनशे चारमधला नळ सकाळपासून टपकतोय, किती वेळा सांगायचं, असं काउंटरवर म्हणाली. काकांनी झटकन मान वर केली. "कौन सा नल? बाथरूम का कि बेसिन का?"

"बेसिन का, भैया. चलो, ज़रा देख लो."

आणि काका गेले! आम्ही थक्क होऊन पाहत राहिलो. मॅनेजर काही बोलायच्या आत लिफ्टचं दार मिटलं. आपल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये काका पहिल्यांदा राहायला म्हणून निघाले होते, ते नळवाला म्हणून पोचले.

वीस मिनिटांनी खाली आले ते बाह्या दुमडलेल्या, शर्टावर पाणी. हातात शेवेची एक पुडी. इंदूरची माणसं होती, नळ थांबला म्हणून खूश होऊन दिली. काकांनी पुडी काकूंच्या हातात ठेवली. "वायसर सरकला होता. कोणीतरी जोरात पिळला." मग जरा थांबून म्हणाले, "गॅलरी चांगली आहे. चौघी बसल्या असत्या तुम्ही."

काकूंनी पुडीकडे पाहिलं. मग बहिणींकडे पाहिलं. आणि त्यांना हसू फुटलं. "घ्या गं," त्या म्हणाल्या, "संकोच करू नका, आपल्या घरचीच आहे!" तिघी बहिणी खो खो हसत सुटल्या, इतक्या की काउंटरवरची मुलगीही हसली. काका हसले नाहीत. ते पिशव्या उचलून ऑटोकडे चालू लागले.

घाटावर तासभर बसून, दूध तिथंच वाटून, आम्ही परतलो. बहिणींनी दुसऱ्या दिवशीच्या गाडीची चौकशी सुरू केली होती. मी वर माझ्या खोलीत येऊन टेकलो तोच जिन्यावर पावलं वाजली. काका कधी वर येत नसत. भाडेकरूच्या खोलीत मालकानं जाऊ नये, हाही त्यांचाच नियम. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"एक विचारायचं होतं," म्हणाले. "तुम्ही नाही म्हणू शकता. करारात नाही आहे." डोळे माझ्या नळाकडे लावून उभे राहिले.

मी म्हणालो, "काका, माझा एक मित्र गावातच ओमतीला एकटाच राहतो. त्याच्याकडे जातो मी आठ दिवस."

"भाडं नाही घेणार मी या महिन्याचं."

"भाडं मी देणार. पाहुण्या माझ्या आहेत असं समजा."

"दोनच पाहुणे चालतात," ते सवयीनं बोलून गेले, आणि स्वतःच वरमले.

आठ दिवस मी ओमतीला राहिलो. मधे एकदा कपडे न्यायला गेलो तर दरवाज्यातूनच आवाज येत होता. चौघी वर होत्या. काकूंनी गुडघ्यासकट तो जिना चढला होता. कपडे आपटले जात होते, कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापलीकडे गेल्या होत्या, आणि पुलगावच्या मावशी "लाईट गेली मालकाची" हा प्रसंग बहुधा विसाव्यांदा करून दाखवत होत्या. काका खाली पेपर वाचत बसले होते. वर धप्प झालं की ते छताकडे पाहत आणि पुन्हा पेपरात डोकं घालत. मला पाहून म्हणाले, "काल रात्री दीडपर्यंत बोलत होत्या. काय बोलतात इतकं?" आवाजात तक्रार होती, पण ते पान उलटत नव्हते.

वर्षभरानं माझी बदली झाली. फ्लॅटकडून तोवर भाडं पूर्ण थांबलं होतं, त्यामुळे माझी खोली लगेच भरली जावी अशी मलाच काळजी. माझ्या जागी येणाऱ्या तरुणाला मी नळ बंद करायचं पद्धतशीर शिक्षण दिलं आणि कांचघरचा पत्ता दिला. आठवड्यानं त्याचा फोन आला. "सर, ते म्हणतात रूम खाली नहीं है. नळापर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही. पण मी जिन्यातल्या खिडकीतून पाहिलं, आत कोणीच नाही. चार गाद्या घातलेल्या आहेत नुसत्या."

मी काकांना फोन लावला. म्हटलं, "काका, खोली दुसऱ्या कोणाला दिली का?"

"नाही."

"मग रिकामी आहे ना?"

"खाली नाही आहे," काका म्हणाले. "बहिणींची आहे."

"अरे वा! कधी येणार आहेत?"

काका म्हणाले, "येतील केव्हाही. त्यांनी कोणाला काहून विचारायचं?"